बोनस दिला, सहल काढली, तरी पोरं टिकत नाहीत

वाचकांचे प्रश्न, कामाच्या जागेविषयी. उत्तरं देणाऱ्या लेखिका पुणे परिसरातल्या कारखान्यांतून कामगार कल्याण अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आहेत.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. साठेक माणसं आहेत. फाउंड्रीकडून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. दिवाळीला वेळेवर बोनस, मिठाईचा पुडा, टी-शर्ट, वर्षातून एकदा गणपतीपुळ्याची सहल, सगळं करतो. तरी रोप लावणीच्या दिवसांत निम्मं मस्टर रिकामं. शेजारच्याने पाचशे रुपये जास्त दिले की मी व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन) शिकवून तयार केलेला पोरगा तिकडे पळतो. किती केलं तरी माणसांना जाण नाही, असं आता वाटायला लागलंय. आणखी काय करायचं?
– एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र वाचून राग आला नाही, कारण निम्म्या कारखानदारांचं हेच म्हणणं असतं. पण तुम्ही केलेल्या गोष्टींची यादी पुन्हा एकदा समोर घ्या आणि प्रत्येकीसमोर विचारा, ही मी दिली नसती तर चाललं असतं का?

बोनस. कायद्याने किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, आणि हा आकडा तुमच्या अकाउंटंटपेक्षा हेल्परला जास्त पाठ असतो. वेळेवर दिलात, चांगलं केलंत. पण कामगार त्याची नोंद ‘येणं होतं ते आलं’ अशीच करतो. टी-शर्टवर कंपनीचं नाव आहे ना? मग ती तुमची जाहिरात झाली, तो घालून फिरतोय एवढंच. सहल बरी. फक्त ती रविवारी असेल तर त्याच्या बायकोला विचारून बघा ती भेट कोणी कोणाला दिली.

अमेरिकेतल्या रॉबर्ट आयझेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८६ साली यावर एक लेख लिहिला. त्यांनी ३६ विधानांची प्रश्नावली केली होती. ‘माझ्या जागी कमी पगारात दुसरा मिळाला तर ही संस्था मला बदलेल’, ‘मी अडचणीत आलो तर इथून मदत मिळते’, अशा आशयाची विधानं. किती पटतं ते माणसाने सांगायचं. त्यांचं म्हणणं साधं होतं. नोकरदार संस्थेकडे जणू एखाद्या व्यक्तीकडे बघावं तसं बघतो, तिला आपली फिकीर आहे की नाही याचा अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजाप्रमाणे वागतो. त्याच लेखात खाजगी शाळांतल्या शिक्षकांच्या गैरहजेरीचा अभ्यास आहे. संस्थेला आपली काळजी आहे असं ज्यांना वाटत होतं त्यांचे खाडे कमी होते, आणि ‘जो आपल्यासाठी करतो त्याच्यासाठी आपण करावं’ असं मानणाऱ्यांमध्ये हा फरक जास्त ठळक होता. पुढे १९९७च्या अभ्यासात त्यांना दिसलं की संस्थेने आपणहून केलेल्या गोष्टीचं वजन, करणं भाग पडलं म्हणून केलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त पडतं.

आता तुमच्या गेटवर येऊ. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला विचारायचंय. दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापला जातो का? वडील सीपीआर हॉस्पिटलला ॲडमिट आहेत असा फोन आला की सुपरवायझरचं पहिलं वाक्य काय असतं? ‘बरं, पण आजचं डिस्पॅच कोण काढणार?’ हे असेल, तर तुमची सहल त्या एका वाक्यात वाहून गेली.

भोसरीला मी एका प्रेस शॉपमध्ये होते, पत्र्याचे भाग प्रेसवर कापून काढायचे. तिथल्या एका ऑपरेटरला जून महिन्यात मुलीच्या ॲडमिशनसाठी उचल हवी होती. नियमाप्रमाणे अर्ज पर्सोनेलकडे, तिथून अकाउंट्सकडे, मग महिन्याच्या शेवटी मंजुरी. कॉलेजची मुदत दोन दिवसांची. वर्क्स मॅनेजर गाडीत बसत होते. त्यांनी अर्ज गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली आणि कॅशियरला म्हणाले, ‘आज दे, कागद नंतर फिरव.’ रक्कम फार मोठी नव्हती, आणि पुढच्या पगारांतून ती कापलीही गेली. म्हणजे कंपनीचं काहीच गेलं नाही. पण हा माणूस तोवर आपल्या प्रेसच्या स्ट्रोकशी मतलब ठेवणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पावसाळ्यानंतर एक दिवस तो टूलरूममध्ये आपणहून गेला आणि म्हणाला, डायचा (साच्याचा) आवाज बदललाय, पीसच्या कडेची बर (खरखरीत धार) पण वाढतेय, उघडून बघा. पंचला बारीक तडा गेला होता. त्या आवाजाची गोष्ट त्याच्या कामाच्या वर्णनात कुठेच लिहिलेली नव्हती. तो गप्प बसला असता तरी त्याला कोणी काही म्हणू शकलं नसतं.

इथे एक सावधगिरी. आधार दिला म्हणून शिफ्टला दहा पीस जास्त निघतील असं समजू नका. व्हीएमसीचा सायकल टाइम प्रोग्रॅममध्ये असतो, कृतज्ञतेने तो कमी होत नाही. २००२ साली सत्तरहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही हेच दिसतं : आपुलकीचा संबंध माणसाच्या संस्थेविषयीच्या ओढीशी घट्ट, नेमून दिलेल्या कामाच्या आकड्याशी बराच सैल. तुम्हाला फायदा दिसेल तो दुसरीकडे. मशीनचा इन्सर्ट (कापणारं टोक) घासलाय हे वेळेत सांगण्यात, नव्या पोराला ऑफसेट (हत्याराच्या मापाची जुळणी) शिकवण्यात, खाडा करण्याआधी फोन करण्यात.

रोप लावणीशी भांडू नका. पन्हाळा-राधानगरीकडचा माणूस त्या दिवसांत आधी शेतकरी असतो, हे तुमच्या आजोबांनाही माहीत असणार. मे महिन्यातच वही फिरवा, ज्याची लावण जेव्हा असेल त्या तारखा त्यालाच लिहू द्या, आणि एकाच मशीनवरची दोघं एकदम जाणार नाहीत एवढं त्यांनाच आपसांत ठरवू द्या. जूनच्या आधी थोडा स्टॉक करून ठेवा. नाहीतरी निम्मे जातातच. न सांगता जातात त्याऐवजी सांगून जातील.

विश्वासाचं उदाहरण तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसवल्यावर लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या राखणीला ठेवलं होतं. तुम्ही निदान दहा मिनिटांच्या उशिरावर विश्वास ठेवून बघा.

आणि ते पाचशे रुपये. बाजारात व्हीएमसी ऑपरेटरला जो दर आहे त्यापेक्षा तुम्ही खरोखर कमी देत असाल, तर वरचं सगळं विसरा आणि आधी पगार वाढवा. कमी पगार मायेने भरून निघत नाही.

प्रश्न : मी मिरजेतल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. नाइट ड्युटीत हेपारिन (रक्त गोठू नये म्हणून द्यायचं इंजेक्शन) काढताना लक्षात आलं की हजार युनिटच्या ट्रेमध्ये पाच हजार युनिटची व्हायल आली आहे. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या. पेशंटला दिलं नव्हतं, वेळीच कळलं. मी रजिस्टरला नोंद केली आणि सकाळी इनचार्ज सिस्टरना सांगितलं. चार दिवसांनी मलाच मेमो, ‘ट्रे तपासण्यात हलगर्जीपणा’. आता आमच्या वॉर्डात कोणीही काही लिहीत नाही. मी लिहायला नको होतं का?
– नाव छापू नये

उत्तर : लिहायलाच हवं होतं. तुमच्या आधी ज्याने तो ट्रे भरला आणि ज्याने तपासल्याची सही केली त्यांच्याहून तुम्ही जास्त काळजीपूर्वक काम केलंत, आणि शिक्षा तुम्हाला झाली. अशा मेमोने हॉस्पिटल सगळ्या स्टाफला एकच धडा देतं : दिसलं तरी बोलू नका.

तुमच्या वॉर्डात आता नोंदी शून्य झाल्या असतील आणि वरती कोणीतरी त्या शून्यावर खूश असेल. एमी एडमंडसन या अभ्यासिकेने अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमधल्या नर्सिंग युनिटचा अभ्यास केला होता, १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. औषधं देण्यातल्या चुका कुठे कमी होतात हे बघायचं होतं. निघालं उलटंच. ज्या युनिटची प्रमुख चांगली, एकमेकींत मोकळेपणा, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. तिथल्या नर्स जास्त चुकत होत्या असं नव्हे, त्या सांगायला घाबरत नव्हत्या. जिथे धाक होता तिथलं रजिस्टर स्वच्छ होतं. अशा स्वच्छ रजिस्टरच्या वॉर्डात मला तरी ॲडमिट व्हायचं नाही.

आता करायचं काय? मेमोला लेखी उत्तर द्या, चारच ओळींचं. व्हायल कुठे सापडली, किती वाजता, पेशंटला दिली नाही, नोंद कोणी केली. शेवटी एक मागणी घाला : दोन्ही ताकदींच्या व्हायल वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या रंगाच्या लेबलने ठेवाव्यात. बचाव करण्यापेक्षा ही मागणी जास्त कामाची, कारण ती नाकारण्याची सही कोणालाच करावीशी वाटत नाही. हॉस्पिटलला एनएबीएच हे दर्जाचं मानांकन असेल, तर अशा घटना नोंदवून त्यांची कारणं शोधण्याची पद्धत तिथे असावीच लागते. क्वालिटी बघणाऱ्या व्यक्तीला उत्तराची प्रत द्या. आणि शक्य असेल तर इनचार्ज सिस्टरशी एकटीने बोला. बऱ्याचदा मेमो त्यांनी काढलेला नसतो, त्यांच्याकडून काढवून घेतलेला असतो.

प्रश्न : मुलगा हिंजवडीला आयटी कंपनीत आहे. ऑफिसात टेबल टेनिस, कॉफीचं मशीन, रात्री नऊनंतर फुकट जेवण आणि घरी सोडायला कॅब. तरी सारखा चिडलेला असतो आणि नोकरी बदलायचं म्हणतो. एवढ्या सोयी आमच्या वेळी कुठे होत्या?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, जेवण नऊनंतरच का आहे, एवढंच त्याला विचारा. तो सहाला निघाला आणि कोणी घड्याळाकडे बघितलं नाही, असं शेवटचं कधी झालं हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्याला आमच्या वेळच्या गोष्टी सांगू नका.

प्रश्न : मी ठाण्याच्या कारखान्यात ३२ वर्षं होतो, युनियनच्या कमिटीवर होतो. तुमचं सदर नियमित वाचतो. त्यात ‘आधार’, ‘आपुलकी’ फार येतं. बाई, स्पष्ट लिहितो. ही सगळी कामगाराकडून फुकट जास्तीचं काम काढून घ्यायची युक्ती आहे. आम्हाला जे मिळालं ते भांडून मिळालं. साहेबाच्या मायेने पोट भरत नाही.
– एक निवृत्त कामगार, ठाणे

उत्तर : स्पष्ट लिहिलंत, बरं केलंत. तुमचं निम्मं मला मान्य आहे, आणि ते निम्मं आधी लिहिते.

रविवारची सुट्टी घ्या. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्जविनंत्या केल्या, आणि १० जून १८९०पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीबद्दल आज कोणी मालकाचे आभार मानतं का? मानू नयेच. ती हक्काची आहे. माझी स्वतःची खुर्चीसुद्धा हक्कातूनच आलेली. १९४८च्या कारखाने कायद्यात ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कल्याण अधिकारी नेमावा लागे आणि २५०च्या वर असतील तर कँटीन लागे, म्हणून मला नोकरी मिळाली. एकाही मालकाने केवळ प्रेमापोटी मला नेमलं नव्हतं, हे मी कधी विसरले नाही.

म्हणून वरच्या कोल्हापूरच्या उद्योजकांना जे सांगितलं ते तुम्हालाही लागू आहे, फक्त दुसऱ्या बाजूने. हक्काचं देणं हे आपुलकी म्हणून खपवू नये. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे. तो न देता ‘आपण सगळे एक कुटुंब’ म्हणून शनिवारी बोलावणारा मालक मी पाहिलाय, आणि असल्या कुटुंबात वाटणीच्या वेळी फक्त एकाचंच नाव सातबारावर असतं.

उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. जमशेदपूरचं बघा. टाटांनी तिथे १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू केला, १९१५ साली मोफत औषधोपचार, १९२० साली पगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा यायला १९५२ उजाडलं. म्हणजे मालकाने आपणहून केलेलं असं काही असतं आणि त्याला किंमत असते. आता तुमच्या बाजूचंही सांगते : त्याच १९२० साली जमशेदपूरला मोठा संप झाला आणि कामगारांची संघटना स्थापन झाली. निधी मिळाला म्हणून कोणी गप्प बसलं नाही. या दोन गोष्टी एकाच गावात, एकाच वर्षी घडल्या. आपुलकी आली की युनियन संपते असं मालकाला वाटतं आणि युनियन आहे तर आपुलकी कशाला असं तुम्हाला. दोघांचाही हिशेब चुकतो.

जास्तीचं काम फुकट काढून घेतात, हे खरंच तपासायचं असेल तर माझी एक कसोटी आहे. ते काम त्या माणसाने नाकारलं तर त्याचं काय होतं? काहीच होत नसेल, तर ते त्याने खुशीने केलं. पुढच्या वाढीत ते दिसत असेल, तर ते काम पगारी धरलं पाहिजे आणि त्याचा पगार मागितला पाहिजे. तो मागायला तुमच्यासारखी माणसं लागतातच.

आणि तुमच्या काळात जो प्रश्न एवढा मोठा नव्हता तो आजचा : कंत्राटी पोरं. मी शेवटी जिथे होते तिथे कायम कामगारांना बस होती. कंत्राटी पोरं त्याच शिफ्टला, त्याच लाइनवर, आणि सुटल्यावर फाटकाबाहेर सहा आसनी रिक्षाची वाट बघत उभी. बस अर्धी रिकामी निघून जायची. त्यांना ती छत्तीस विधानं विचारली असती तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, ‘मॅडम, कोणत्या कंपनीबद्दल लिहायचं, इथल्या की ठेकेदाराच्या?’ युनियनने त्या रिकाम्या सीटांबद्दल एकदाही पत्र दिलं नाही. तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना हे दाखवा.

प्रश्न : चाकणला एका कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. तुम्ही प्रत्येक अंकात सुपरवायझरलाच धरता. माझ्या हातात एक दिवसाची रजासुद्धा नाही. वरून आकड्यासाठी झापतात, खालून पोरं शिव्या देतात. मी कुठून आधार देऊ?
– त्रस्त सुपरवायझर

उत्तर : तक्रार रास्त आहे. पोरांच्या लेखी कंपनी म्हणजे तुम्हीच असता, चेअरमनचा फोटो त्यांनी फक्त नोटीस बोर्डावर बघितलेला असतो. म्हणून सगळे तुम्हालाच धरतात, मीसुद्धा. पण ज्याला स्वतःला वरून काही मिळत नाही तो खाली काय देणार, यावरही अभ्यास झालेला आहे. २००६ साली आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकारी लिंडा शॅनॉक यांनी दाखवलं की ज्या सुपरवायझरला कंपनीचं पाठबळ वाटतं, त्याच्या हाताखालच्यांना त्याचं पाठबळ वाटतं. तुमच्या साहेबांना हे वाचून दाखवून उपयोग होणार नाही. त्यांच्याकडे नेमकी एक गोष्ट मागा.

अधिकार मागा, दोन दिवसांच्या तातडीच्या रजेचा, एचआरला न विचारता तुमच्या सहीने देण्याचा. महिन्याला लाइनवर एकूण किती दिवस, याची मर्यादा तेच घालू देत. सोबत मस्टर घेऊन जा. गेल्या सहा महिन्यांत न कळवता किती खाडे झाले, आणि त्यातले किती रजा नाकारल्यानंतरच्या एक-दोन दिवसांतले, हे काढा. माझा अनुभव असा की हा दुसरा आकडा बघून साहेब खुर्चीत जरा सरळ बसतात, कारण न कळवता झालेल्या खाड्याला बदली माणूस मिळत नाही आणि कळवून घेतलेल्या रजेला मिळतो. हेल्परपैकी कोणाला कोणत्या स्टेशनवर उभं करता येईल, याचा कागदही जोडा, म्हणजे ‘मग काम कोण करणार’ हा प्रश्न येण्याआधीच उत्तर टेबलावर असेल.

एवढं होईपर्यंत, जे तुमच्या हातात आहे ते करा. रजा नाही म्हणायची वेळ आली तर कारण सांगून म्हणा, आणि सगळ्यांसमोर म्हणू नका. आणि साहेबांकडे महिनाअखेरीला जाऊ नका, तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त डिस्पॅच असतं. पाच-सात तारखेला, जेवणानंतर जा.